अंगावरचं दूध आणि जाणारी पाळी

आमच्या परभणीकडच्या बायका रजोनिवृत्ती हा शब्द वापरत नाहीत. तो पुस्तकातला शब्द. बायका म्हणतात, "माझं बंद झालं." काय बंद झालं ते समोरच्या बाईला सांगावं लागत नाही. कुणी म्हणतं, "मी मोकळी झाले." मोकळी म्हणजे महिन्याचे ते तीन दिवस बाहेर बसण्यातून मोकळी, देवाधर्माला मोकळी, वारीला जायला मोकळी. विषय नाजूक आहे खरा, पण वयाची सत्तरी ओलांडल्यावर लाजायचं कुणाला? शिवाय पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यामुळे मुलींच्या आया माझ्याशी जे बोलल्या ते डॉक्टरांशीही बोलल्या नसतील. तर मंडळी, आज थोडं त्याबद्दल.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पाजत्या बाईचं उशिरा जातं." म्हणजे जिनं लेकरांना भरपूर अंगावर पाजलं तिची पाळी उशिरा जाते. मी १९७१ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांची आठ बाळंतपणं झालेली होती, पाच लेकरं हाताशी लागली होती. शेंडेफळ चार वर्षांचं होईपर्यंत पीत होतं म्हणे. त्यांचं बंद झालं ते आम्ही रेशनचा लाल मिलो खात होतो त्या वर्षी, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात. जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हतीच. मराठवाड्यात त्या पिढीचं वय रझाकाराच्या धामधुमीत कोण मांडीवर होतं आणि कोण पोटात होतं यावरून काढायचं. पण त्यांच्या धाकट्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावर १९२४ साल होतं आणि त्या त्याच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. वजाबाकी केली तर वय आलं एक्कावन्न.

गंमत अशी की सुश्रुतसंहितेतही हाच आकडा जवळपास आहे. बाराव्या वर्षी पाळी सुरू होते आणि पन्नाशीला शरीर पिकलं की जाते, असं शारीरस्थानात सांगितलेलं आहे. म्हणजे दीडदोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला ही गोष्ट नीट माहीत होती. युरोपात या अवस्थेला जे नाव आज जगभर चालतं, 'मेनोपॉज', ते द गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८२१ मध्ये रूढ केलं. नाव मिळायला एकोणिसावं शतक उजाडलं, मग पाजण्याशी त्याचा संबंध काय हे कोण विचारणार!

तो प्रश्न नीट विचारला गेला अगदी अलीकडे. अमेरिकेत १९८९ पासून एक लाख सोळा हजारांवर परिचारिकांचा एक अभ्यास सुरू झाला. तेव्हा त्या पंचवीस ते बेचाळीस वर्षांच्या होत्या. दर दोन वर्षांनी त्यांना प्रश्नावली पाठवली जायची, आणि परिचारिकाच त्या, नीट भरून परत पाठवायच्या. त्यातल्या सुमारे एक लाख नऊ हजार जणींची माहिती तपासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी जानेवारी २०२० मध्ये निष्कर्ष छापले. पंचेचाळिशीच्या आत पाळी जाणं याला त्यांनी 'लवकर' धरलं. साधारण दहातल्या एका बाईचं असं होतं. ज्यांची तीन बाळंतपणं झाली त्यांना, एकही न झालेल्यांच्या मानाने, हा धोका २२ टक्क्यांनी कमी दिसला. आणि ज्यांनी एकूण सात ते बारा महिने बाळाला निव्वळ अंगावर पाजलं त्यांना, महिनाभरही न पाजलेल्यांच्या मानाने, २८ टक्क्यांनी कमी. बाळंतपणं सारखी असली तरी पाजण्याचा फरक उरतोच, असंही त्यांना आढळलं. हे निरीक्षण आहे, पाजल्यामुळेच असं झालं याचा पुरावा नव्हे, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. तरी सासूबाईंचं वाक्य मला आठवल्याशिवाय राहिलं नाही.

आता हे कसं होत असावं? मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात दहा-वीस लाख बीजं असतात. नवी काही तयार होत नाहीत. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि सगळ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती फक्त चार-पाचशे. बाकीची आतल्या आत विरतात. शिल्लक हजारभराच्या आसपास आली की पाळी थांबते. म्हणजे हा साठा बराचसा धान्याच्या कणगीसारखा आहे. आपण काढतो पसा दोन पसे, खरं धान्य जातं ते किड्यांनी. बाळ अंगावर पितं तेव्हा आईच्या रक्तात दूध आणणारं संप्रेरक वाढतं, मेंदूकडून अंडाशयाला जाणारा हुकूम मंदावतो, आणि बीज पिकायचं थांबतं. त्या काळात कणगीतली गळतीही थोडी मंदावत असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

पाजण्याने पाळी लांबते हे तर आपल्या बायकांना कायमच माहीत होतं. दोन लेकरांत अंतर राहावं म्हणून दूध तोडायची घाई करायची नाही, हे कोणत्याही म्हातारीनं सांगितलं असतं. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ या गावी जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ठरवलं की बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, पूर्णपणे अंगावर पीत असेल आणि आईची पाळी परत आलेली नसेल, तर दिवस न राहण्याची खात्री ९८ टक्के. तीन अटींपैकी एकही मोडली की खात्री संपली. आपल्याकडे हा 'अंगावर पितंय तोवर काही होत नाही' असा सरसकट नियम झाला होता, आणि त्यातून किती धाकटी भावंडं जन्माला आली त्याची गणती नाही.

गणिताची शिक्षिका नसले तरी एक हिशेब मांडते. सासूबाईंची बाळंतपणं आठ. प्रत्येकी नऊ महिने धरले तर सहा वर्षं गरोदरपणात. प्रत्येक वेळी पाजण्यामुळे वर्षभर पाळी नाही असं धरलं तर आणखी आठ वर्षं. (तीन लेकरं गेली, तेव्हा हे थोडं कमी करायला हवं.) म्हणजे आयुष्यातली बारा-चौदा वर्षं पाळीविना. माझी बाळंतपणं दोन. नोकरीमुळे बाळंतपणाची रजा संपली की शाळेत हजर. दुपारी ब्लाउज ओला व्हायचा आणि मी पदर घट्ट ओढून फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. माझा हिशेब जेमतेम अडीच-तीन वर्षांचा. माझ्या सुनेचा त्याहून कमी.

बेव्हर्ली स्ट्रासमन या अमेरिकन बाईंनी आफ्रिकेतल्या माली देशात डोगोन लोकांच्या गावात राहून हेच मोजलं. तिथेही पाळीतल्या बायका वेगळ्या झोपडीत बसतात, अगदी आपल्याकडच्या बाहेर बसण्यासारखं. झोपडीत कोण कधी आलं याची नोंद त्यांनी १९८६ ते १९८८ अशी दोन वर्षांहून अधिक काळ ठेवली आणि लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिली. कुटुंबनियोजनाची साधनं न वापरणाऱ्या त्या बाईला आयुष्यात साधारण शंभर पाळ्या येतात. शहरातल्या दोन मुलांच्या बाईला चारशेच्या आसपास. आपल्या आज्या शंभराच्या बाजूच्या, आपल्या नाती चारशेच्या बाजूच्या. म्हणून बाळंतपणं आठ हवीत असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. सासूबाईंची तीन लेकरं गेली, त्या स्वतः दोनदा मरणाच्या दारातून परत आल्या.

इथवर सगळं जुळलं. पण मग कोडं पडतं. पाजण्यानं पाळी लांबत असेल तर आपल्या बायकांची पाळी जगात सगळ्यात उशिरा जायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या सांगतात की भारतात बाळ अंगावर पिण्याचा काळ दोन वर्षांहून जास्त आहे. अमेरिकेतली परिचारिका महिने मोजते, आपण वर्षं मोजतो. आणि प्रत्यक्षात काय? भारतीय बाईची पाळी सरासरी शेचाळीस-सत्तेचाळिशीला जाते, पाश्चात्त्य बाईची एक्कावन्नच्या आसपास. चार-पाच वर्षांची तूट! दुधानं जे दिलं ते कुठेतरी दुसरीकडून काढून घेतलं जातं.

पहिली गोष्ट भूक. दूध काही फुकट तयार होत नाही. पाजत्या बाईला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे आमच्याकडच्या दोन चांगल्या ज्वारीच्या भाकरी. त्या मिळाल्या नाहीत तरी दूध येतं, पण ते आईच्या अंगातून येतं. आणि भुकेचा परिणाम फक्त पाजण्याच्या वयातला नसतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची वाट अडवली होती. त्या वेळी ज्या मुली दोन ते सहा वर्षांच्या होत्या आणि ज्यांची उपासमार जास्त झाली, त्यांची पाळी पुढे दीड-पावणेदोन वर्षं लवकर गेली, असं २००३ मध्ये छापून आलं. एका हिवाळ्याची भूक चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी वसूल झाली.

आमच्याकडे एक हिवाळा नव्हता. १९७० पासूनच पाऊस रुसलेला, १९७२ मध्ये कळस झाला. खडी फोडायच्या कामावर हजारो बायका, लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत, मुकादम बघत नसेल तेव्हा घटकाभर जाऊन पाजायचं. सुकडी वाटली जायची. त्या वेळी दोन ते सहा वर्षांच्या असलेल्या मुली पुढे माझ्या वर्गात बसल्या. हाडं दिसणाऱ्या, पण पाढे खणखणीत म्हणणाऱ्या. २०१२ ते २०१५ च्या सुमारास त्या पंचेचाळिशीला आल्या. बाजारात भेटतात तेव्हा मला बाई म्हणून वाकून नमस्कार करतात आणि दिसतात माझ्याच वयाच्या.

रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात लेकरांना सांभाळायच्या सोयीचाही विचार होता. कामावर पाळणाघर मी कागदावरच जास्त पाहिलं, पण कायद्यात ते लिहिलं गेलं हेही थोडं नाही.

दुसरी गोष्ट तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्या बाईची पाळी एक-दोन वर्षं लवकर जाते हे आता जगभर मान्य आहे. आमच्या बायका सिगारेट कशाला ओढतील? पण मिश्री! तव्यावर भाजलेली तंबाखूच ती. पहाटे दातांना, दुपारी भूक मारायला, रात्री सवयीनं. गरोदर असताना, पाजताना, सगळ्या काळात. मी शाळेत मुलींना त्यावर बोलायची, तर त्या घरी जाऊन आजीला सांगायच्या, आणि आजी दुसऱ्या दिवशी मला भांडायला यायची. असो.

तिसरी गोष्ट मात्र निसर्गाची नाहीच.

कुटुंब आरोग्य पाहणीत 'पाळी गेलेली बाई' कुणाला म्हणायचं याची व्याख्या बघा. गरोदर नाही, बाळंतपणानंतरची पाळी थांबलेली नाही, आणि सहा महिने पाळी आलेली नाही, किंवा जिची गर्भाशयाची पिशवी काढली आहे ती. म्हणजे आपोआप गेलेली आणि कापून घालवलेली एकाच रकान्यात. आकडा तोच, गोष्टी दोन.

आमच्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या तालुक्यांच्या शेजारी बीड जिल्हा. दोन्हीकडची माणसं दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने फडात फेडायची. एक दिवस चुकला तर खाडा, त्याचे पैसे कापले जाणार. पाळीचं पोटात दुखतंय म्हणून बसायची सोय नाही, कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. लेकरू पाचटाच्या कोपीत थोरल्या बहिणीजवळ, ती बहीण माझ्या शाळेच्या हजेरीपटावर दिवाळीपासून गैरहजर. अंगावर पिणारं असेल तर फडाच्या कडेला. पहाटे ट्रक भरायचा असला की बाई दूध साचून ठणकणाऱ्या छातीनं मोळी डोक्यावर घेते.

एप्रिल २०१९ मध्ये वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की बीडच्या ऊसतोड बायका तिशीतच पिशव्या काढून घेत आहेत. जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की तीन वर्षांत त्या जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात सतरा. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास.

यातल्या कुणाला जबरदस्तीनं टेबलावर झोपवलं नव्हतं. "बाई, तुमाला सांगते, कटकट गेली," असं मला एकीनं हसत सांगितलं. वय बत्तीस. लग्न पंधराव्या वर्षी, तीन लेकरं, बाविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. मग अंगावरून जाणं, कंबरदुखी. डॉक्टरानं सोनोग्राफी केली आणि म्हणाला की पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, लेकरं झालीत, आता तिचं काम काय? उचल घेऊन तिनं ऑपरेशनचे पैसे भरले. आता हातापायांची आग होते, झोप लागत नाही, गुडघे बोलतात. "पिशवी गेली पण दुखणं काही गेलं न्हाई." पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर त्याच दिवशी पाळी कायमची गेली, बत्तिसाव्या वर्षी. ती ठेवली असली तरी पिशवी काढलेल्या बाईत ती काही वर्षं आधीच थकतात. मग हाडं झिजतात, हृदयाचं संरक्षण जातं. आणि ह्याच बाईला पुढची वीस वर्षं मोळी उचलायची असते.

अंगावरून जाण्याच्या दुखण्यावर उपचार नव्हते असंही नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं आणि १९८९ मध्ये छापलं, तेव्हा ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. ती पाहणी वाचून जग हललं म्हणतात. बहुतेक दुखणी गोळ्या-औषधांनी बरी होणारी. कॅन्सरच्या भीतीचं उत्तरही आमच्या मराठवाड्यातच सापडलं होतं. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ५२ गावांच्या गटांतून १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. गर्भाशयमुखातल्या विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. हे २००९ मध्ये छापून आलं. तपासणीला लागतो एक बोळा आणि दहा मिनिटं. दहा वर्षांनी शेजारच्याच जिल्ह्यात त्याच कॅन्सरच्या नावानं पिशव्या निघत होत्या.

मला राग येतो तो हिशेबाचा. बाईनं लेकरं नऊ-नऊ महिने वागवली, दोन-दोन वर्षं अंगावर पाजली, त्याच्या बदल्यात शरीरानं तिच्या नावावर थोडी वर्षं जमा केली असतील. ती मुद्दल तिला न विचारता एका दुपारी काढून घेतली जाते, आणि वर बिल तिच्याच हातात.

बातम्यांनंतर काही हललं, नाही असं नाही. बीडमध्ये खासगी दवाखान्याला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली गेली. केंद्रानं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायची तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं, हा त्यांचा मुख्य रोख.

आमच्या गल्लीतली आशाताई हंगामावर जाणाऱ्या बायकांची यादी करते. वय, लेकरं, धाकटं अंगावर पितं का, पाळी चालू आहे का. मी चष्मा लावून तिला रकाने भरायला मदत करते, कारण तिचं अक्षर घाईत बिघडतं. शेवटच्या रकान्यापुढे मी तिला पेन्सिलीनं आणखी दोन रकाने पाडायला लावले आहेत, 'आपोआप गेली' आणि 'काढली'. वरून आलेल्या फॉर्मात ते नाहीत. वरचे लोक काय म्हणतील याची तिला काळजी आहे. मी म्हटलं, पेन्सिलीनं आहे ना, विचारलं तर खोडून टाक.